मॅक मिनी: आत्ता घ्यावा की नव्याची वाट पाहावी?

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधून त्या दिवशी कुणी कंपनीच्या छापील किमतीत, म्हणजे ५९,९०० रुपयांना, ॲपलचा मॅक मिनी घेतला असेल, तर त्याच्या हाती एम२ चिपचा आणि ८ जीबी मेमरीचा संगणक पडला. बरोबर सतरा दिवसांनी, २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ॲपलने नवा मिनी जाहीर केला. चिप एम४, मेमरी १६ जीबी, टेबलावर व्यापलेली जागा जुन्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि किंमत तीच, ५९,९०० रुपये. नवा संगणक दुकानांत आला तो ८ नोव्हेंबरला.

नव्या संगणकाची वाट पाहावी असं म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात, आणि ते खरंही आहे. मात्र याच मिनीच्या इतिहासात वाट पाहणाऱ्याच्या पदरी उलटंच पडल्याची उदाहरणं तितकीच ठसठशीत आहेत. पडदा आणि कळफलक सोबत न येणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या या संगणकाबद्दलचा हा प्रश्न वीस वर्षं जुना झाला आहे. इतर छोट्या पीसींनाही तो लागू पडतो, पण मिनीचा इतिहास सलग आणि तारीखवार उपलब्ध आहे, म्हणून हा आढावा मुख्यतः त्याच्याभोवती घेतला आहे.

वीस वर्षांचं वेळापत्रक

११ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला मॅक मिनी दाखवला. साडेसोळा सेंटिमीटर लांबरुंद, पाच सेंटिमीटर उंच, किंमत ४९९ डॉलर. पडदा, कळफलक आणि माउस ज्याचा त्याने आणायचा. ज्यांच्या घरी विंडोजचा पीसी आहे त्यांनी नुसता डबा बदलून मॅककडे यावं, हा त्यामागचा विचार. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यात इंटेलची चिप आली. २०१० मध्ये ॲल्युमिनियमचं अखंड कवच आलं, २०११ मध्ये सीडीचा खण गेला, ऑक्टोबर २०१२ मध्ये चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा पर्याय मिळाला. या काळात दोन नव्या आवृत्त्यांमध्ये कधी सहा महिने, कधी दीड वर्ष जात असे. वाट पाहणं फार जड जात नव्हतं, कारण पुढची आवृत्ती साधारण वर्षभरात येई.

मग घडी विस्कटली. २०१२ नंतरचा मिनी १६ ऑक्टोबर २०१४ ला आला, दोन वर्षांनी. किंमत पुन्हा ४९९ डॉलरवर उतरली, पण चार गाभ्यांचा पर्याय काढून टाकलेला होता आणि मेमरी बोर्डावरच पक्की डकवलेली होती. एकाच वेळी अनेक गाभ्यांना जुंपणाऱ्या कामात २०१२ चा चार गाभ्यांचा मिनी या नव्या मिनीपेक्षा सरस ठरला. दोन वर्षं थांबलेल्या माणसाला नवं मिळालं, पण त्याचं काम जुन्यापेक्षा हळू चालणार होतं.

त्यानंतर चार वर्षं काहीच नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये ॲपलच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं की मिनी महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना पुढेही मिनीला स्थान असेल असं कळवलं, पण तपशील दिला नाही. ज्या लहान स्टुडिओंनी आणि सर्व्हर चालवणाऱ्यांनी आपलं काम या डब्यावर उभं केलं होतं, त्यांना या आश्वासनांवर खरेदीची योजना आखणं शक्य नव्हतं. मला ही चार वर्षं या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटतात. कंपनी कधी गप्प राहील आणि किती काळ, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

३० ऑक्टोबर २०१८ ला ब्रुकलिनच्या मंचावर करड्या रंगाचा नवा मिनी आला. तो दमदार होता, मेमरी पुन्हा बदलता येत होती, ६४ जीबीपर्यंत वाढवता येत होती. किंमत मात्र ४९९ वरून ७९९ डॉलर झाली. चार वर्षं थांबण्याचं मोल असं ३०० डॉलर पडलं. आणि दोनच वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२० ला, ॲपलने स्वतःची एम१ चिप मिनीत घातली, तीही ६९९ डॉलरला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये एम२ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एम४.

एम३ मिनीत आलीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एम३ लॅपटॉपांत आली तेव्हा "आता मिनीही येईल" म्हणून थांबलेल्यांना आणखी एक वर्ष काढावं लागलं. चिप निघाली म्हणजे मिनी आलाच, असा नियम मांडता येत नाही. एम१ लॅपटॉपांत आणि मिनीत एकदमच आली. एम२ लॅपटॉपमध्ये जून २०२२ ला जाहीर झाली, मिनीत सात महिन्यांनी. एम४ मे २०२४ मध्ये आधी आयपॅडमध्ये शिरली, मिनीत साडेपाच महिन्यांनी. एम५ ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकबुक प्रो आणि आयपॅड प्रोमध्ये आली, त्या यादीत मिनी नव्हता. सरासरी काढून "इतके दिवस झाले, आता येणारच" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं की ही सरासरी सहा महिने आणि चार वर्षं यांना एकाच पंक्तीत बसवून काढलेली असते.

थांबण्याचं मोल कसं मोजतात

हा प्रश्न अर्थशास्त्रात आणि संगणकशास्त्रातही गांभीर्याने अभ्यासला गेला आहे. सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ॲडम ऑस्बोर्न यांची. बँकॉकमध्ये जन्मलेल्या, तमिळनाडूत तिरुवन्नामलईला बालपण गेलेल्या या माणसाने १९८१ मध्ये १,७९५ डॉलरचा, सोबत नेता येईल असा संगणक बाजारात आणला. तो धडाक्यात खपला. पण पुढचा संगणक तयार होण्याआधीच त्याची वार्ता बाहेर पडली, ग्राहक थांबले, दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. या घटनेवरून "ऑस्बोर्न परिणाम" हा शब्दच रूढ झाला. नंतरच्या काही अभ्यासकांनी याला हरकत घेतली आहे. केप्रो नावाचा मोठ्या पडद्याचा आणि स्वस्त प्रतिस्पर्धी आणि कंपनीचा ढिसाळ कारभार हीच खरी कारणं, असं ते म्हणतात. वाद मिटलेला नाही, पण उद्योगाने धडा घेतला तो पहिल्या कथेवरूनच. नवं काही विक्रीला तयार होईपर्यंत त्याबद्दल ब्र काढायचा नाही, ही ॲपलची शिस्त ग्राहकाला अंधारात ठेवते ती याच भीतीपोटी.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराबद्दल एक मार्मिक निरीक्षण मांडलं. असा विक्रेता स्वतःच्याच उद्याच्या मालाशी स्पर्धा करत असतो, कारण उद्या भाव उतरेल हे ओळखून ग्राहक आज हात आखडता घेतो. ॲपलचं त्यावरचं उत्तर म्हणजे आवृत्तीची अधिकृत किंमत शेवटच्या दिवसापर्यंत सहसा न हलवणं. विक्रेते सणासुदीला सूट देतात हे खरं, पण छापील किमतीचा आलेख पाहिला तर मिळणारं मोल करवतीच्या दात्यांसारखं दिसतं: नव्या आवृत्तीच्या दिवशी एकदम वर, मग हळूहळू खाली. दसऱ्याला घेणाऱ्याचा पाय नेमका दात्याच्या तळाशी पडला होता.

तिसरं नाव आपल्या जवळचं आहे. मुंबईत जन्मलेले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासह १९९४ मध्ये अनिश्चिततेतल्या गुंतवणुकीवर ग्रंथ लिहिला. त्याचं सूत्र असं सांगता येईल: निर्णय मागे घेता येत नसेल आणि पुढचं अनिश्चित असेल, तर थांबण्यालाच एक किंमत असते. हे सूत्र कारखान्यांसाठी लिहिलेलं आहे, पण मिनीला ते चपखल बसतं. २०१२ च्या मिनीचं तळाचं गोल झाकण हाताने फिरवून काढता येत असे आणि मेमरी घरी बसून वाढवता येत असे. तेव्हा निर्णय मागे घेता येत नसला तरी पुढे सुधारता येत होता. २०२० पासून मेमरी चिपच्या पुडक्यातच असते. एम४ मिनीत स्टोरेज वेगळ्या कार्डावर आहे खरं, पण ते बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण प्रकारचं नाही. घेताना जे ठरवलं ते संगणक जाईपर्यंत तसंच राहणार. माझ्या मते हा वाद गेल्या दहा वर्षांत इतका तापला त्याचं मूळ इथे आहे. "आत्ता साधा घेऊ, पुढे वाढवू" हा मधला रस्ता बंद झाला, आणि खरेदीच्या एका दिवसावर सगळा भार आला.

चौथा विचार खगोलशास्त्रातून आला. १९९९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या काही संशोधकांनी एक छोटा निबंध लिहिला. संगणकांचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर २६ महिन्यांहून मोठी गणना आज सुरू न करता थोडं थांबून नव्या संगणकावर केली तर ती लवकर संपते, असं त्यांनी दाखवलं. आजचा वेग त्यात घालून पाहण्यासारखा आहे. ॲपलच्याच दाव्याप्रमाणे एम४ मिनीचा प्रोसेसर एम१ मिनीच्या १.८ पट वेगवान आहे, आणि दोन्हींत चार वर्षांचं अंतर आहे. म्हणजे दुप्पट व्हायला साधारण ५७ महिने. त्याच सूत्राने २६ महिन्यांऐवजी सुमारे ८२ महिने येतात, जवळजवळ सात वर्षं. हा ढोबळ हिशेब आहे आणि एकाच मोजमापावर उभा आहे. तरी निव्वळ वेगासाठी थांबण्याचं बळ किती कमी झालं आहे हे त्यातून दिसतं.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू

त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगाचा नसून मेमरीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जी दुप्पट झाली ती मेमरी होती, आणि ती वाढ फुकट मिळाली. ॲपलकडून अशी वाढ विकत घ्यायची तर त्या वेळी भारतात १६ वरून २४ जीबीला २०,००० रुपये आणि २५६ वरून ५१२ जीबी स्टोरेजला तेवढेच. मूळ संगणकाच्या एक तृतीयांश किंमत एकेका पायरीला. त्यामुळे नवी आवृत्ती मूळ प्रतीतच जास्त देणार असेल, तर थांबणाऱ्याची खरी बचत तिथे होते.

दुसरा मुद्दा घरच्या घरी एआय चालवणाऱ्यांचा. भाषेची मोठी मॉडेलं स्वतःच्या संगणकावर चालवताना उत्तर किती भरभर उमटतं हे बरंचसं मेमरीतून माहिती किती वेगाने बाहेर येते यावर ठरतं. एम४ मध्ये हा वेग सेकंदाला १२० जीबी आहे, एम५ मध्ये १५३ जीबी, आणि एम५ च्या ग्राफिक्स गाभ्यांत अशा कामासाठी खास भाग घातले आहेत. ज्याचं काम नेमकं हेच आहे त्याला एम५ च्या मिनीसाठी थांबण्याचं कारण बोट ठेवून दाखवता येतं. इथेही एक उपप्रश्न निघतो: एम४ प्रो चिपच्या मिनीत हा वेग २७३ जीबी आहे. पैसे असतील तर जास्त वेग वरच्या पायरीवर आधीपासूनच मिळतो आहे. भारतात ती पायरी १,४९,९०० रुपयांपासून सुरू झाली.

तिसरा मुद्दा आयुष्याचा. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या किती वर्षं मिळतील हे चिपच्या पिढीवर ठरतं, म्हणून एक पिढी पुढची घेतली तर एखादं वर्ष जास्त पदरात पडतं. २०१८ चा इंटेल मिनी घेणाऱ्यांना हे फार लवकर कळलं. २०२५ ची मॅकओएस ताहो त्यावर चालत नाही, आणि ताहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे. त्यातही तो मिनी वरच्या किमतीला जानेवारी २०२३ पर्यंत विकला जात होता, म्हणजे काहींना नवी ओएस मिळण्याची मुदत तीन वर्षांचीही लाभली नाही.

घेऊन टाका म्हणणाऱ्यांची बाजू

या मंडळींचं म्हणणं साधं आहे: काम अडलं असेल तर संगणक घ्यायचा, नसेल तर विषयच नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याचे जुन्या संगणकावर रोज दोन तास जात असतील, तर सहा महिने थांबण्याची किंमत त्या तासांत मोजायला हवी. ती बहुधा मेमरीच्या वीस हजारांहून जास्त निघते. मलाही हा हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यातले दोन्ही आकडे आपल्या हातातले असतात. पुढच्या आवृत्तीची तारीख तशी नसते.

नवं म्हणजे दर वेळी चांगलं, हेही ते मान्य करत नाहीत. २०१४ ची कथा वर आलीच. जानेवारी २०२३ मध्ये एम२ मिनी आला तेव्हा त्याच्या २५६ जीबीच्या मूळ प्रतीत स्टोरेजची एकच चिप होती, आणि वाचण्याचा वेग एम१ मिनीच्या निम्म्याच्या आसपास भरला. २०२० मध्ये एम१ आल्यावर बूट कॅम्प गेलं, म्हणजे मॅकवरच थेट विंडोज चालवण्याची सोय गेली. ज्यांना दोन्ही लागत होती त्यांनी मुद्दाम इंटेलचा जुना मिनी शोधून घेतला. मराठी छपाईच्या धंद्यात युनिकोडपूर्व फॉन्ट आणि पेजमेकरवर अजून काम करणाऱ्या कार्यालयांना तर या सगळ्या वादात भाग घेण्याचं कारणच नाही. त्यांचा जीव जुन्या विंडोज पीसीत अडकलेला आहे.

अलीकडे त्यांना एक नवा मुद्दा मिळाला आहे, आणि तो जुन्या गृहीतकालाच हात घालतो. संगणकाच्या वस्तू काळाबरोबर स्वस्त होतात, हे आजवरच्या सगळ्या थांबण्यामागचं गृहीतक. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स एवढ्या ओढून घेतल्या की मेमरीचे भाव वर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने सर्वसामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात रास्पबेरी पायनेही आपल्या छोट्या संगणकांच्या किमती वाढवल्या. ज्या वस्तूत मेमरी हाच महागडा घटक आहे, तिच्यासाठी थांबणं म्हणजे कदाचित जास्त पैसे मोजणं.

भारतीय खरेदीदारासाठी रुपयाही या हिशेबात येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. मिनीच्या अमेरिकेतल्या ५९९ डॉलर किमतीचे सुमारे ५०,३०० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की आकडा ५९,४०० च्या जवळ जातो, आणि छापील किंमत ५९,९०० होती. कंपनीने इथे वेगळा नफा चढवलेला दिसत नाही. पण डॉलर वधारला तर पुढच्या आवृत्तीची रुपयांतली किंमत अमेरिकेतली न बदलताही बदलू शकते.

तिसरी वाट

काही जण दोन्ही बाजूंना बगल देतात. नवी आवृत्ती जाहीर झाली की लगेच जुनी घ्यायची, किंवा सेकंडहँड. दीक्षितांच्या सूत्रातही याला जागा आहे. मिनीला सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक असतं, त्यामुळे आज घेतलेला दीड वर्षाने विकून नवा घेणं शक्य असतं, आणि चुकीच्या दिवशी घेतल्याचा तोटा तेवढा हलका होतो.

मॅकच हवा असा आग्रह नसेल तर लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे मिनी हे कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. त्यांची मेमरी आणि स्टोरेज दोन्ही बदलता येतं, म्हणून मुहूर्ताचा प्रश्न तिथे निम्मा विरतो. घेताना एक गोष्ट मात्र तपासावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सातव्या पिढीचा पीसी स्वस्तात मिळतो तो याच कारणाने. इंटेलने स्वतः या आकाराचे एनयूसी संगणक बनवणं जुलै २०२३ मध्ये थांबवलं आणि ते काम एसूसकडे गेलं. ही शाखाही स्थिर आहे असं म्हणता येत नाही.

काय सुटलेलं नाही

मिनीचं वेळापत्रक आता तरी नियमित झालं का, यावर एकमत नाही. २०२० पासूनची दोन अंतरं २६ आणि २१ महिन्यांची, म्हणजे पूर्वीपेक्षा सारखी. पण दोनच अंतरांवरून नियम बांधायला अभ्यासक धजत नाहीत, आणि एम३ गाळली गेल्याची आठवण ताजी आहे.

मेमरीच्या भाववाढीचा भार कंपनी स्वतः सोसेल, मूळ किंमत वाढवेल की मूळ किंमत तीच ठेवून वरच्या पायऱ्या महाग करेल, हा दुसरा प्रश्न. २०१८ मध्ये तिने मूळ किंमत वाढवली होती, २०२४ मध्ये तीच ठेवून जास्त दिलं. दोन्ही दिशांना पूर्वदाखले आहेत.

पर्यावरणाचा मुद्दा तर मोजमापाच्या पातळीवरच अडला आहे. एम४ मिनी हा ॲपलने कार्बनच्या दृष्टीने तटस्थ म्हणून विकलेला पहिला मॅक, आणि स्वस्थ बसलेला असताना तो ४ वॅटच्या आसपास वीज घेतो. पण चालू असलेला जुना संगणक आणखी दोन वर्षं वापरणं आणि नवा कमी विजेचा घेणं, यांत कोणता पर्याय कमी हानीचा, हे तो रोज किती तास चालतो आणि जुन्याचं पुढे काय होतं यावर अवलंबून आहे. मेमरी बदलता येत नसल्याने धडधाकट संगणक लवकर अपुरा पडतो, ही तक्रार दुरुस्तीचा हक्क मागणारे सातत्याने मांडत आहेत.

शेवटचा प्रश्न एम१ मिनी वापरणाऱ्यांचा आहे, आणि असे लोक आज खूप आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये घेतलेला तो संगणक ताहोवर चालतो, रोजचं बहुतेक काम निमूट करतो, आणि ८ जीबी मेमरीपाशी अडतो. त्याला यापुढे किती आवृत्त्या मिळतील, हे ॲपलने कुठेही लिहून दिलेलं नाही.